चावी बाहेर, कुलूप आत

गल्लीच्या समितीचे अध्यक्ष झाल्यापासून घरातल्या थोरल्या भावांची भाषाच बदलली होती. पूर्वी ते दिवसभर दुकानात कानस घासत बसायचे आणि गिऱ्हाईक आलं की "मंगळवारी या" एवढंच म्हणायचे. कुठल्या मंगळवारी, ते गिऱ्हाइकानं आपल्या नशिबावर सोडायचं. आता मात्र जेवायला बसल्यावरही "भाजीत मीठ कमी आहे, याची संबंधितांनी नोंद घ्यावी" असं बोलणं सुरू झालं होतं. संबंधित म्हणजे त्यांची बायको. तिला घरात आणि गल्लीत सगळे थोरलीच म्हणत. थोरली नोंद घ्यायची. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नोंद घ्यायला काहीच लागत नाही. मीठ मात्र तेवढंच पडायचं.

तापाची साथ शहरात पसरली तेव्हा एक सरकारी माणूस गाडीतून आला आणि गाडीतूनच सांगून गेला, की प्रत्येक गल्लीनं आपापली समिती नेमावी आणि तापाच्या माणसांना वेगळं ठेवावं. तो एवढंच बोलला होता. बाकीचं सगळं अध्यक्षांच्या डोक्यातून निघालं. गल्लीच्या शेवटी कारखान्याची भिंत होती, म्हणजे तिकडचा बंदोबस्त आयताच झालेला. तोंडाशी लोखंडी फाटक बसवलं. आणि फाटकाला कुलूप कोण करणार, हा तर प्रश्नच नव्हता. तीन पिढ्या ज्या घरानं शहराला कुलपं पुरवली, त्या घराच्या दारातच तर फाटक होतं.

ते कुलूप अध्यक्षांनी जीव ओतून केलं. समितीतल्या प्रत्येकाला चावी हवी होती, म्हणून त्यांनी चावी एकच केली आणि दोरीत ओवून स्वतःच्या गळ्यात घातली. बाहेरच्या कुणी खटपट करू नये म्हणून चावीचं भोक फक्त आतल्या बाजूला ठेवलं. गजांतून हात घालून कुणी उघडू नये म्हणून त्याभोवती पत्र्याची पेटी ठोकली. आणि गल्लीतली माणसं जात्याच विसरभोळी, म्हणून अशी स्प्रिंग बसवली, की फाटक सोडलं की आपोआप बंद.

"सगळं खरं," वरच्या खिडकीतून मामंजी म्हणाले होते. थोरलीचे सासरे, जुन्या पिढीचे कारागीर. हात थरथरायला लागल्यापासून त्यांचं सगळं कसब जिभेवर आलं होतं. "पण बाहेर गेलेल्या माणसानं परत यायचं कसं?"

"बाबा, बाहेर जायचंच नाही. कुलूप त्यासाठीच आहे," अध्यक्ष म्हणाले.

नियमही तसेच कडक होते. कुणी फाटकाबाहेर पाऊल टाकलं, की त्यानं समोरच्या शाळेत जाऊन राहायचं. कुणाच्या घरात ताप निघाला, तर त्या घरातल्या सगळ्यांनीच शाळेत जायचं. आणि रोज सकाळी अध्यक्षांनी फाटकाशी उभं राहून कर्ण्यातून सांगायचं, की गल्लीत आज किती ताप. ते रोज 'शून्य' म्हणत. सगळं शहर तापानं फणफणलेलं आणि आपल्या गल्लीत शून्य, या विचारानं त्यांची छाती इतकी फुगायची, की सदऱ्याची बटणं थोरलीला पुन्हा घट्ट करून घ्यावी लागली.

त्या दिवशीही सकाळी ते ओरडले, "गल्लीत आज ताप, शून्य!"

आणि त्यांच्या बरोबर डोक्यावर, माळ्यावर, जुन्या कुलपांच्या खोक्यांमध्ये टाकलेल्या अंथरुणावर, धाकट्या भावाची मुलगी चिमी तापानं फणफणत पडली होती.

"मोठे काका शून्य म्हणाले," चिमी पुटपुटली. "म्हणजे मी बरी झाले?"

चिमीच्या आईनं, म्हणजे धाकटीनं, तोंड दुसरीकडे फिरवलं. कपाळावरची पट्टी बदलता बदलता थोरलीचा हात थांबला. पोरीचा हात हातात घेतला तर चटका बसत होता. तीन दिवस हे चाललं होतं. काल रात्रीपासून तिनं दूध टाकलं होतं आणि आता पाणीही ओठांवरून परत येत होतं.

या दोघी जावा एकमेकींशी बोलत आहेत, हेच एक नवल होतं. शिलाई मशीन कुणाच्या खोलीत राहणार, यावरून जे वाजलं होतं, तेव्हापासून दोघी सरळ बोलत नसत. अगदीच गरज पडली तर मांजराला सांगत. "सांग गं मने, गिरणीतून पीठ आणायचंय." "सांग गं मने, पाय आहेत म्हणावं ज्यांना त्यांनी जावं." चिमीला ताप आला त्या संध्याकाळी धाकटी धावत आली आणि मांजराला ओलांडून थेट थोरलीच्या गळ्यात पडली. तेव्हापासून मांजरालाही जरा झोप मिळू लागली होती.

"जाऊबाई, भाऊजींना कळलं तर सगळ्यांना शाळेत घालतील हो," धाकटी म्हणाली. "मामंजींनासुद्धा. ते दुसऱ्याला लावलेला नियम स्वतःला आधी लावतात, माहीत आहे ना तुम्हाला?"

थोरलीला चांगलंच माहीत होतं. नवऱ्याच्या या गुणाचा तिला अभिमानही होता आणि त्याच गुणानं तिचं निम्मं आयुष्य खाल्लं होतं.

"भाऊजींना सांगितलंस?" तिनं विचारलं. तिचे भाऊजी म्हणजे धाकटीचा नवरा, समितीचे सेक्रेटरी.

"त्यांना माहीत आहे. म्हणून तर दुकानात झोपतात. म्हणतात, मी घरी नव्हतोच असं म्हणता येईल." धाकटीनं नाक ओढलं. "जाऊबाई, एक सांगू? रागावू नका. मी वन्संना फोन केलाय. त्या येतायत."

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. "तू केलास?"

"चुकलंच माझं."

"अगं, मी पण केला. काल."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि त्या तसल्या प्रसंगातही त्यांना हसू फुटलं. नणंदबाईंना एकाच घरातून दोन जावांनी, एकमेकींपासून चोरून, सारखाच निरोप दिला होता. नेमकं तेव्हाच खालून आवाज आला, "दादा, फाटक उघड."

थोरली जिना उतरून फाटकाशी आली तेव्हा समिती आधीच जमली होती. समिती म्हणजे अध्यक्ष, सेक्रेटरी, गल्लीच्या मधोमध राहणारे कवायतीचे निवृत्त मास्तर आणि शेवटच्या घरातले शिंपी. गजांच्या पलीकडे, खांद्याला पिशवी अडकवून, पायात पांढरे बूट घालून नणंद उभी होती. तिला घरात सगळे ताईच म्हणत, तिच्याहून मोठे असलेले अध्यक्षसुद्धा. नर्स व्हायला ती घरातून निघाली तेव्हा याच दादानं तिच्याशी अबोला धरला होता. अबोला सुटला तो आईच्या आजारपणात, पण त्याची एक गाठ अजून दोघांत कुठेतरी राहून गेली होती.

अध्यक्षांनी कर्णा तोंडाला लावला. "हॉस्पिटलात काम करणाऱ्यांना गल्लीत प्रवेश नाही!"

"दादा, मी दोन हातांच्या अंतरावर उभी आहे. कर्णा कशाला?"

कर्णा खाली आला. "नियम आहे, ताई."

"मला सुट्टी मिळालीय. वेगळं राहून झालं, तपासणी झाली, मगच सोडलं त्यांनी. धडधाकट आहे मी."

"ते तुमच्या हॉस्पिटलचं झालं. गल्लीचं वेगळं आहे. बाहेरून येणाऱ्यानं आधी शाळेत राहायचं." असं म्हणताना अध्यक्षांचे कान लाल झाले होते. पोटातून त्यांनाही बहिणीला आत घ्यायचं होतं, हे थोरलीला स्पष्ट दिसत होतं. पण दोन्ही बाजूंच्या खिडक्यांत माणसं येऊन उभी होती. अध्यक्ष स्वतःच्या बहिणीला काय करतात, ते बघायला गल्लीनं हातातली कामं टाकली होती.

"कुठल्या शाळेत?" ताईनं मागे बोट केलं. रस्ता ओलांडला की शाळेचं दार. "ह्या? आत्ताच डोकावून आले मी. दादा, तिथं माणूस ठेवायचा? नळाला पाणी नाही, बाकांचा ढीग छताला लागलाय."

"अशक्य!" कवायतीचे मास्तर पुढे सरसावले. "शाळेची व्यवस्था माझ्याकडे आहे. व्यवस्था चोख आहे. मी स्वतः तसं समितीला कळवलंय."

"तुम्ही पाहिलीत?"

"कळवलंय म्हणतोय ना मी!"

"मग चला, दाखवते."

मास्तरांच्या मिशा थरथरल्या. गल्लीच्या देखत एक बाई आपल्याला खोटं पाडतेय म्हटल्यावर त्यांचं डोकं तापलं. "अध्यक्ष, उघडा फाटक. यांना दाखवतोच मी चोख म्हणजे काय ते!"

अध्यक्षांनी चावी लावली. मास्तर डावा-उजवा करत बाहेर पडले. "शाळेतल्या गाद्यांच्या खोळी मी शिवल्यात, मी नको का?" असं म्हणत शिंपी त्यांच्या मागे गेले. खोळींची तारीफ चुकू नये एवढाच त्यांचा हेतू होता. पाण्याचं खातं सेक्रेटरींकडे होतं, आणि पाणी नाही असं ताई सगळ्यांसमोर म्हणाली होती, म्हणून तेही निघाले. आणि सगळी समिती पुढे आणि अध्यक्षच मागे, हे अध्यक्षांना कसं चालावं? चावी पुन्हा गळ्यात अडकवून तेही ताडताड निघाले आणि ताईच्याही पुढे गेले.

फाटक थोरलीच्या बाजूनं मिटत आलं. तिनं नुसता हात पुढे केला असता तरी ते अडलं असतं. पुढे कित्येक वर्षं लोक तिला विचारायचे, की तुम्हाला सुचलं नाही का? ती म्हणायची, बाई, माझं लक्षच नव्हतं. खरं तर तिचं पूर्ण लक्ष होतं. स्प्रिंगनं आपलं काम केलं आणि फाटक खट्कन बसलं.

"वा," वरून मामंजी म्हणाले. "पोरानं कुलूप मात्र फर्मास केलंय."

रस्त्यापलीकडून शाळेतले आवाज येऊ लागले. आधी मास्तरांचा, मग ताईचा, मग बाक कोसळल्याचा. मग अध्यक्षांचा आवाज आला, आणि त्यात 'नोंद' वगैरे शब्द नव्हते.

"खोळी आहेत. गाद्या कुठायत?"

"खोळी शिवायच्या ठरल्या होत्या," शिंपी म्हणाले. "गाद्यांचं कोण बघणार हे ठरलं नव्हतं."

"आणि पाणी?"

"अर्ज दिलाय मी," सेक्रेटरी म्हणाले.

"कुणाला?"

"तुम्हालाच दिला होता, दादा. तुम्ही म्हणालात, ताप शून्य आहे, आता घाई काय."

थोरलीनं पदर तोंडाशी धरला. हसू की रडू, तिचं तिलाच कळेना. ताप नाही म्हणून शाळेची तयारी नाही, आणि शाळेची ही दशा म्हणून कुणी ताप सांगत नाही. चाकाला चाक लागून गाडा छान चालला होता आणि चिमी माळ्यावर तापत होती.

समिती परत आली. मास्तरांची पावलं आता डावी-उजवी पडत नव्हती. अध्यक्षांनी फाटक ढकललं. ते हललं नाही. त्यांनी गळ्यातली चावी काढली, फाटकाच्या पट्टीवर इकडे शोधलं, तिकडे शोधलं, वाकून पाहिलं.

"भोक शोधतोयस होय रे?" मामंजींनी खिडकीतून विचारलं. "ते तू आत ठेवलंयस."

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या एकदम हसल्या. अध्यक्षांनी आपल्या हातातल्या चावीकडे पाहिलं, मग पत्र्याच्या पेटीकडे पाहिलं. इतकी वर्षं कुलपं करून माणसाला स्वतःच्याच कुलपानं असं फसवावं, ही काही लहान गोष्ट नव्हती. मग त्यांनी गजांतून हात आत घातला आणि चावी थोरलीपुढे धरली. "उघड गं."

थोरलीनं चावी घेतली. ती अजून त्यांच्या छातीच्या उबेनं गरम होती. "आणि नियम?" ती म्हणाली.

"कसला नियम?"

"बाहेर पाऊल टाकलं की शाळेत. तुम्हीच ठरवलंत. मी आपली नोंद घेतली होती."

खिडक्यांतून पुन्हा हसू उसळलं. "बरोबर आहे वहिनींचं!" कुणीतरी ओरडलं. शिंपी म्हणाले, "अहो, आम्ही रस्ता तर ओलांडला फक्त." मास्तर म्हणाले, "नियम म्हणजे नियम," आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपणही बाहेर आहोत.

"चेष्टा पुरे," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले.

"चेष्टा नाही करत मी." थोरलीनं चावी पेटीत घातली, पण फिरवली नाही. "वन्सं, तुम्ही पुढे या. तुम्हाला एकट्यांना घेते. बाकीच्यांनी मागे सरकावं."

"म्हणजे?" अध्यक्षांचा आवाज चढला. "ही तापाच्या वॉर्डातून आलेली आत, आणि जन्मापासून या गल्लीत राहिलेला मी शाळेत? का म्हणून? कारण काय, ते सांगशील की नाही? सगळ्यांसमोर सांग!"

थोरलीनं वळून पाहिलं. मागे घराच्या दारात धाकटी येऊन उभी होती. ती नको, नको अशी मान हलवत होती. वरून मामंजी सहज म्हणावं तसं म्हणाले, "माझे गुडघे दुखतायत म्हण. खोटंही नाही ते."

म्हाताऱ्यानं आयती वाट काढून दिली होती. गुडघे म्हटलं असतं तर ताई आत आली असती, चिमीला औषध मिळालं असतं, आणि उद्या सकाळी कर्ण्यातून पुन्हा 'शून्य' ऐकू आलं असतं. थोरलीच्या ओठांवर गुडघे आलेही. मग तिला पोरीचा तो प्रश्न आठवला, म्हणजे मी बरी झाले? तापानं चढलेल्या डोळ्यांनी चिमीनं तो इतक्या विश्वासानं विचारला होता, की थोरलीला आपल्या सगळ्या घराची लाज वाटली.

"आपल्या घरात ताप आहे," ती म्हणाली. मग तिला वाटलं, आपण हळू बोललो, म्हणून ती मोठ्यानं म्हणाली, "चिमीला ताप आहे. तीन दिवस झाले. आज पाणीही घेत नाही. म्हणून बोलावलंय मी वन्संना."

हसू कुठल्या कुठे गेलं. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात भांडं पडलं ते सगळ्यांना ऐकू आलं. आता कुणी तरी ओरडणार, यांना बाहेर काढा म्हणणार, म्हणून थोरली वाट बघत उभी राहिली.

मग मधल्या घराच्या खिडकीतून एक बाई म्हणाली, "आमच्याकडेही आहे." जरा थांबून तिनं जोडलं, "दोघांना."

"आमच्या सासूबाईंना आहे," पलीकडून आवाज आला. "पण आता उतरतोय."

"आमच्याकडे परवापासून," शेवटच्या घरातून शिंप्याची बायको म्हणाली.

शिंपी ताडकन वळले. "आपल्याकडे? कुणाला?"

"तुमच्या मेव्हण्याला. तो गावाला गेला म्हणून सांगितलं होतं ना मी तुम्हाला? तो न्हाणीघरामागच्या खोलीत आहे."

"अगं, पण मी रोज विचारतोय, जास्तीचं जेवण कोण जेवतंय!"

"मग काय सांगायचं? तुम्ही समितीत ना!"

सगळ्यांचे डोळे आपोआप कवायतीच्या मास्तरांकडे गेले. मास्तर आपल्या बुटांकडे बघत होते. "आईला जरा कणकण आहे," ते म्हणाले. "मी आधी नीट खात्री करून मग कळवणार होतो."

अध्यक्ष धाकट्या भावाकडे वळले. "तुला माहीत होतं?"

सेक्रेटरींनी मान खाली घातली.

"बाबांना?"

"मला पहिल्या दिवसापासून," वरून मामंजी म्हणाले. "माझ्या डोक्याजवळून जिना जातो. कान गेले नाहीत अजून."

"म्हणजे," अध्यक्षांनी गज धरला, "माझ्याच घरात, मला एकट्याला सोडून..." ते बायकोकडे बघत राहिले. रागाची वेळ होती, पण चेहऱ्यावर राग नव्हता. जत्रेत हात सुटलेल्या मुलाचा असावा तसा तो चेहरा झाला होता. "मला का नाही सांगितलंस?"

थोरलीला भडाभडा बोलायचं होतं. पण त्यांचा तो चेहरा बघून तिनं एवढंच विचारलं, "सांगितलं असतं, तर तुम्ही काय केलं असतंत?"

अध्यक्षांनी विचार केला. माणूस कसाही असो, खोटं बोलणारा नव्हता. "शाळेत पाठवलं असतं," ते म्हणाले. मग त्यांनी मागे वळून शाळेच्या दाराकडे पाहिलं. कोसळलेले बाक तिथून दिसत होते.

"दादा," ताई म्हणाली, "मला जाऊ दे आता. पोरीला पाणी गेलं पाहिजे."

"जा," अध्यक्ष म्हणाले, आणि बाकीच्या तिघांना हातानं मागे सारत स्वतःही मागे झाले. थोरलीनं चावी फिरवली. ताई आत शिरली, तशी धाकटीनं तिचा हात धरला आणि दोघी पळतच जिना चढल्या. फाटक उघडंच होतं. थोरलीनं या वेळी ते नीट हातानं धरून ठेवलं होतं.

"या," ती नवऱ्याला म्हणाली. "चेष्टा झाली ती झाली. या आत."

"नको." अध्यक्षांनी बाह्या सरसावल्या. "दोघाचौघांच्या घरात जागा नसेल. वेगळं ठेवायला कुणाला तरी शाळा लागेलच. ती माणसानं राहण्यासारखी झाली पाहिजे. मास्तर, बाक उचलायचे. तुम्ही, खोळी शिवल्यात तर आता गाद्या कुठून मिळतात बघा. आणि तू," ते भावाला म्हणाले, "अर्ज राहू दे. बादली घे आणि मोठ्या रस्त्याच्या नळावर जा. नाहीतर नको. पाण्याचं मी बघतो. तू वर जा पोरीपाशी."

सेक्रेटरी आत धावले. जिन्यावर त्यांची चप्पल निसटली, ती त्यांनी उचललीही नाही.

दुपारभर गल्लीत जे झालं ते कुणी ठरवून केलं नव्हतं. ताप नसलेल्या घरांनी ताप असलेल्या घरांच्या उंबऱ्यावर जेवण आणि पाणी ठेवलं आणि दार वाजवून मागे सरली. ताई तोंडाला फडकं बांधून एकेका घरी जाऊन आली. शिंप्याच्या बायकोनं मेव्हण्याला न्हाणीघरामागून काढून हवेशीर खोलीत आणलं, आणि गावाहून परत आलास का म्हणून सगळ्यांनी त्याला चिडवलं. कुठल्या घरात कुणाला लागतंय आणि कुठे निभतंय, हे सगळे थोरलीलाच येऊन सांगू लागले, कारण ती फाटकाशी होती आणि चावी तिच्याकडे होती. "समिती तूच की गं आता," मामंजी म्हणाले. ती म्हणाली, "मामंजी, तुम्ही खिडकीतून आत व्हा, वारा लागेल." मामंजी आत झाले. सुनेचं असं ऐकण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

कलत्या उन्हात अध्यक्ष फाटकाशी आले. सदरा धुळीनं माखलेला, हाताला बादलीच्या कडीचे वळ उठलेले. ते बाहेर उभे राहिले, ती आत. त्यांनी गजांना हात लावला नाही.

"पाणी आणलंय," ते म्हणाले. "दोन खोल्या झाल्या. मास्तर बरे राबतात, बोलले नाहीत की." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "चिमी कशी आहे?"

बरी आहे, असं थोरलीच्या अगदी तोंडाशी आलं. इतक्या वर्षांत या माणसाला ती हेच सांगत आली होती. दुकान कसं, बरं आहे. आई कशी, बरी आहे. तू कशी, बरी आहे. ते ऐकून ते जेवायला बसत आणि ती वाढायला उठे.

"ताप आहे अजून," ती म्हणाली. "वन्सं चमच्या चमच्यानं पाणी पाजतायत. अर्धं ओकली, अर्धं राहिलं. रडली. वन्सं म्हणतात, रात्र काढू दे, मग बघू."

अध्यक्षांनी ते सगळं ऐकून घेतलं. "माझी आठवण काढली?"

"नाही," थोरली म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि बादली उचलली. दोन पावलं गेले आणि वळले. "उद्याही असंच सांग," ते म्हणाले. "जसं असेल तसं."

"सांगेन," ती म्हणाली, आणि ते शाळेत दिसेनासे होईपर्यंत फाटकाशी उभी राहिली.